न दिसणारा सांधा



१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आला आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. पण आपल्या बुऱ्हाणपुरात लूमवर जाणारा कारागीर आणि केळीच्या बागेत जाणारा शेतकरी आजही जुनी गाडी काढतो. त्या गाडीतल्या एका मूठभर रबरावर आज थोडा विचार करू.

एअर फिल्टरच्या डब्यातून गाळलेली हवा कार्बोरेटरकडे नेणारा जाड रबरी बूट असतो. त्याचं काम लहान नाही बरं! १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमागे इंजिन साधारण ९,००० लिटर हवा ओढतं. आणि आपल्याकडची हवा कशी, तर बागेच्या वाटेची धूळ आणि लूमचे कापसाचे तंतू.

वर्षं गेली की हे रबर कडक होतं. कार्बोरेटर साफ करून परत लावताना बूट नीट चढत नाही. जागा अडचणीची, हात पुरत नाही. वरून बसल्यासारखा दिसतो, पण खालची कड दुमडलेली राहते. क्लॅम्प आवळला, किक मारली, गाडी सुरू! गिऱ्हाईक खूश.

पुढे त्या फटीतून धूळ फिल्टर चुकवून आत जाते आणि पिस्टन, रिंगा, सिलिंडर घासत राहते. काही महिन्यांनी गाडी तेल खाते, निळसर धूर सोडते, इंजिन उघडायची वेळ येते. तेव्हा त्या दुमडलेल्या कडेची आठवण कुणाला? सगळे म्हणतात, "जाऊ द्या हो, गाडी जुनी झाली."

आता प्रश्न असा, की ज्या चुकीचा माग कधीच लागणार नाही, ती कुणाच्या खाती मांडायची?

मिस्त्री म्हणेल, "मजुरी एवढीशी, मागे चार गाड्या उभ्या, आणि गिऱ्हाईक डोक्यावर: झालं का भाऊ, पाळीची वेळ झाली!" हे खोटं नाही. घाईचा वाटा गिऱ्हाइकाचाही आहे. पण कड दुमडली आहे हे फक्त मिस्त्रीच्या बोटाला कळलं होतं. ज्याला कळलं, त्याच्याकडे जबाबदारी येते. रबर फाटलं असेल आणि नवं घ्यायला पैसे नसतील, तर तसं सांगावं. सांगितलं की पुढचा निर्णय गिऱ्हाइकाचा. लपवलं, तर तो निर्णय आपण त्याच्या हातातून काढून घेतला. नुकसान तर पुढे होतंच, पण अन्याय तिथेच, त्या क्षणी झालेला असतो.

खरं तर उपाय किती सोपा! बूट गरम पाण्यात ठेवला की मऊ होतो. कडेला साबणाचं पाणी लावलं की सरकतो. पेट्रोल मात्र लावू नये, त्यानं रबर फुगतं. शेवटी कडेवरून बोट पूर्ण गोल फिरवून बघायचं. दहा मिनिटं जास्त लागतील. गिऱ्हाइकानंही तेवढं थांबावं आणि त्या दहा मिनिटांचे पैसे आनंदानं द्यावेत.

आपल्या गावचा कुंडी भंडारा आठवा. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात तो बांधला गेला. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उतारावर, शहराकडे आलं. अंधारात तो उतार धरणाऱ्या मजुरांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आत कोण बघायला येणार होतं? तरी चारशे वर्षांनंतरही तिथे पाणी आहे.

बघणारा कोण, यापेक्षा सोसणारा कोण, हे आधी विचारावं. शिलाईची आतली शिवण असो, धान्याची निवड असो की हिशेबाची वही, प्रत्येक घरात असा एक न दिसणारा सांधा असतो. आपला कोणता, ते आज जेवताना घरच्यांशी बोला. मुलांनाही विचारा. 🙏