मेलेल्यांची खूण कुणासाठी असते?

हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ 16 एप्रिल 1988 रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. सात्सुकी आणि मेई या दोन बहिणी, रुग्णालयात पडून असलेली त्यांची आई, खेड्यातलं नवं घर आणि रानात राहणारा केसाळ, भलामोठा टोटोरो, एवढीच त्याची सामग्री. या सौम्य चित्रपटाभोवती पुढे एक काळा तर्क उभा राहिला. टोटोरो म्हणजे मृत्युदूत. धाकटी मेई तळ्यात बुडून मेली. तिला शोधायला निघालेली सात्सुकी टोटोरोच्या वाटेने परलोकात गेली. आणि शेवटी रुग्णालयाबाहेरच्या झाडावर दोघी बसल्याचा भास आईला होतो, कारण आईही मरणाच्या दारात आहे. पुराव्यांची यादी लहान नाही. तळ्यात चप्पल सापडते. शेवटच्या काही दृश्यांत मुलींच्या सावल्या पडत नाहीत. हरवलेली मेई जिझोच्या दगडी मूर्तींच्या रांगेपाशी बसलेली सापडते, आणि जिझो हा मेलेल्या बालकांचा रक्षणकर्ता मानला जातो. दोन्ही बहिणींच्या नावांत मे महिना आहे, आणि चित्रपटातल्या टेकड्या ज्या परिसराची आठवण देतात, त्या सायामा भागात मे 1963 मध्ये एका शाळकरी मुलीचं अपहरण करून खून झाला होता. स्टुडिओ जिब्लीचे चित्रपट 2020 पासून नेटफ्लिक्सवर भारतात दिसू लागले. आता जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यातल्या आष्टीत बसून कुणी टोटोरो पाहिला, तर हा तर्कही त्याच फोनवर त्याच्यापर्यंत पोचतो. हा तर्क तपासायला आष्टीचा प्रेक्षक टोकियोच्या प्रेक्षकाइतकाच समर्थ आहे, असं मला वाटतं. मेलेल्यांच्या खुणा वाचण्याची रीत त्याच्या गावात आजही चालू आहे, आणि त्या रीतीतून दिसतं ते असं: मरणोत्तर खूण मेलेल्याचं काय झालं हे सांगायला येत नाही, ती मागे राहिलेल्यावर काहीतरी सोपवायला येते. सगळ्यांनाच मेलेलं ठरवणारा तर्क नेमका तिथे अपुरा पडतो, कारण सोपवून घ्यायला त्याने कुणी शिल्लकच ठेवलेलं नसतं.

आधी पुरावे पाहू. तळ्यातली चप्पल पाहून सात्सुकी स्पष्ट सांगते की ती मेईची नाही. म्हणजे तर्काला चित्रपटातला हा संवाद खोटा धरावा लागतो. जिझोचा मुद्दा अधिक वजनदार आहे. जिझो मेलेल्या बालकांना सांभाळतो हे खरंच, पण तो वाटसरूंचा आणि जिवंत लेकरांचाही राखणदार आहे. जपानी खेड्यांत रस्त्याच्या कडेला त्याच्या मूर्ती जागोजागी असतात. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाला हे उलगडून सांगायची गरज नाही. वेशीतला मारुती भूतबाधेपासून गाव राखतो, आणि लग्नाच्या दिवशी नवरदेवही आधी त्याच मारुतीला जातो. एका दगडाकडे गाव अनेक कामं सोपवतं, आणि त्यातलं कोणतं काम चालू आहे हे प्रसंगावरून ठरतं. वाट चुकलेलं पोर जिझोच्या पायाशी बसलं असेल, तर त्याला सांभाळलं जातंय हा पहिला अर्थ; ते मेलंय हा फार लांबचा.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र चित्रपटाच्या बाहेर आहे. टोटोरो ज्या दिवशी झळकला त्याच दिवशी, त्याच्या जोडीने एकाच खेळात, इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ दाखवला गेला. तो सुरूच होतो सेइता या मुलाच्या आत्म्याच्या निवेदनाने. 21 सप्टेंबर 1945 च्या रात्री आपण मेलो, हे तो पहिल्याच वाक्यात सांगतो, आणि पुढची सगळी कथा मेलेले भाऊ-बहीण आपल्यासोबत पाहत राहतात. मेलेली मुलं पडद्यावर आणायची तर एवढ्या उघडपणे आणणारा हा स्टुडिओ. त्याच खेळातल्या दुसऱ्या चित्रपटात त्याने दोन मुलींचं मरण सावल्या पुसून लपवलं, हे मानायला फार मोठं कारण लागेल, आणि ते कारण तर्कापाशी नाही. शिवाय शेवटच्या श्रेयनामावलीतली चित्रं आहेतच: आई घरी परतते, मुलींना गोष्ट वाचून दाखवते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. निर्मात्याला काय म्हणायचं होतं याच्याशी वाचकाला काय देणंघेणं? जिब्लीने 2007 मध्ये हा तर्क जाहीरपणे फेटाळला आणि सावल्यांची गरज वाटली नाही म्हणून त्या काढल्या नाहीत असं सांगितलं. पण तेवढ्याने अर्थ बंद होत नाही. हे मला मान्य आहे, म्हणूनच त्या खुलाशाचा आधार मी घेत नाही. माझी कसोटी वेगळी आहे. एखादा अर्थ कलाकृतीतलं किती वापरतो आणि किती फेकून देतो? मेई हरवते ती टोटोरोच्या मागे जाऊन नव्हे. मळ्यातलं ताजं खाल्लं की आई बरी होईल, या विश्वासाने मक्याचं कणीस छातीशी धरून ती रुग्णालयाच्या वाटेला लागते. शेवटी ते कणीस खिडकीत सापडतं, ‘आईसाठी’ असं त्यावर कोरलेलं. हा चित्रपट मरणाच्या भीतीने काठोकाठ भरलेला आहे, आणि ती भीती चाहत्यांना जाणवली यात त्यांचं काही चुकलं नाही. मियाझाकींची स्वतःची आई त्यांच्या बालपणी अनेक वर्षं क्षयाने आजारी होती. पण भीती आहे ती आई जाईल याची, आणि चार वर्षांचं पोर त्या भीतीवर जे करू शकतं ते म्हणजे कणीस नेणं. मुलींनाच मेलेलं ठरवलं की ही भीतीही संपते आणि कणसाचंही काही काम उरत नाही.

आता आपल्याकडची रीत. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडला जातो आणि सगळे जण कावळ्याची वाट पाहतात. जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीच आहे, त्यामुळे आष्टीच्या बाजूला ही वाट पाहणं कुणाला नवं नाही. कावळा शिवला नाही, तर मेलेल्याची इच्छा राहिली असं म्हणतात. मग घरातलं वडीलधारं माणूस पुढे होऊन हात जोडतं: धाकट्याचं लग्न आम्ही करू, कर्ज आम्ही फेडू, म्हातारीला अंतर देणार नाही. शब्द दिला जातो तो चार माणसांसमोर, आणि तो कुणी विसरू शकत नाही. कावळा पितर आहे की नुसता भुकेला पक्षी, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी खुणेचं काम पुरं होतं. मेलेला माणूस कुठे पोचला याची खबर त्यातून मिळत नाही. जिवंत माणूस कशाला बांधला गेला हे मात्र ठरतं.

ही रीत निर्मळ आहे असं मुळीच नाही, आणि इथे आपल्याच चित्रपटांनी चाहत्यांच्या तर्कांपेक्षा खोल पाहिलं आहे. महेश मांजरेकर यांच्या ‘काकस्पर्श’ (2012) मध्ये भावाच्या पिंडाला कावळा शिवत नाही. थोरले भाऊ हरीदादा जवळ जाऊन हळूच काहीतरी बोलतात आणि कावळा शिवतो. ते शब्द आपल्याला फार उशिरा कळतात: भावाच्या विधवेला, उमाला, दुसऱ्या कुणा पुरुषाचा स्पर्श होऊ देणार नाही. वचन एकाने दिलं, ते आयुष्यभर फेडलं दुसरीने, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. खूण वाचणारा माणूस सत्ता चालवत असतो, हे इतक्या स्वच्छपणे मांडणारा मराठी चित्रपट मला दुसरा आठवत नाही. बाबा भांड यांच्या कादंबरीवरचा, संदीप पाटील यांचा ‘दशक्रिया’ तर थेट गोदाकाठच्या पैठणला जातो. तिथला भानुदास नदीत सोडलेल्या राखेतून नाणी वेचतो आणि घरात भाकरीची सोय करतो. शोक करणाऱ्यांसाठी जी राख परलोकाची खूण, तीच या पोरासाठी दिवसाची कमाई. दोन्ही चित्रपटांत परलोकाच्या खुणेला किंमत आहे, कारण तिचा भार कुठल्या तरी जिवंत देहावर पडतो.

असा दावा कुणी करेल की काही अॅनिमे चित्रपटांत परलोक खरोखरच आहे, मग टोटोरोच्या तर्कावरच राग का? आहेच. ‘स्पिरिटेड अवे’ (2001) मधली पाण्यावरून धावणारी आगगाडी, जी आता फक्त जाते आणि परत येत नाही, आणि तिच्यातले सावल्यांसारखे प्रवासी पाहून मरण आठवणार नाही असा प्रेक्षक विरळा. त्यातली मुलगी चिहिरो आणि तिचे आईबाप वाटेतल्या अपघातातच मेले, असंही काही जण म्हणतात. पण त्या दुनियेत चिहिरो सतत एकच काम करत असते: परत जाण्याची तयारी. आपल्याकडे कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहतो. त्या उपवासाबद्दल त्याला तीन वर मिळतात आणि त्यातला पहिलाच वर परतीचा असतो: मी परत गेल्यावर वडिलांचा राग शांत झालेला असो आणि त्यांनी मला ओळखावं. आत्मविद्या त्याने त्यानंतर मागितली. चिहिरोचीही अखेरची परीक्षा ओळखण्याचीच आहे. तिच्या आईबापांची डुकरं झालेली असतात, आणि समोरच्या डुकरांमध्ये ते नाहीत, हे तिला ओळखता येतं. परलोकाच्या कथेचा जीव परतीत असतो, हे दोन दूरच्या परंपरांना स्वतंत्रपणे उमगलेलं दिसतं. त्यांच्यात ये-जा अगदीच नव्हती असंही नाही. बौद्ध धर्माबरोबर आपला यम जपानला गेला आणि तिथे एन्मा झाला.

सगळ्यात कठीण आक्षेप मात्र सांत्वनाचा. ज्याचं जवळचं माणूस गेलं आहे त्याला, मेई आणि सात्सुकी पलीकडे का होईना एकत्र आहेत, या कल्पनेत आधार मिळत असेल, तर तो काढून घेण्याचा अधिकार कुणाला? कुणालाच नाही. पण या आधाराची किंमत बघावी. त्यासाठी रुग्णालयातली आई, वाट पाहणारा बाप, तळ्यात काठ्या घालून शोधणारं सगळं गाव, या सगळ्यांना पुसून टाकावं लागतं. आधार असाही असू शकतो जो कुणाला पुसत नाही. केन्जी मियाझावा यांच्या कथेवरचा, गिसाबुरो सुगी यांचा ‘नाइट ऑन द गॅलॅक्टिक रेलरोड’ (1985) घ्या. त्यात जिओव्हानी आणि त्याचा मित्र काम्पानेला आकाशगंगेतल्या आगगाडीतून जातात, आणि उतरल्यावर कळतं की काम्पानेला नदीत बुडाला, ती गाडी मेलेल्यांचीच होती. इथे चाहत्यांचा तर्क आणि कथा एकच आहेत, तरी कथा हलकी होत नाही, कारण जिओव्हानी परत आलेला आहे आणि आजारी आईसाठी दूध घेऊन त्याला घरी जायचंय.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’ (2009) मध्येही दोन मुलगे आहेत, नात्याने भाऊ, आणि त्यातला एक पाण्यात जातो. गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांच्या पटकथेने त्याचं नाव नचिकेत ठेवलं आहे, हा योगायोग नसणार. पण उपनिषदातला नचिकेता परत येतो आणि विहिरीतला नचिकेत येत नाही. प्रश्न विचारत फिरण्याचं काम मागे राहिलेल्या समीरच्या वाट्याला येतं. या चित्रपटात शोधायला खुणा भरपूर आहेत: पाणी, पोहणं, नावातला यम. त्या जुळवून कुणी समीरही त्याच विहिरीत गेला असं म्हणालं, तर नचिकेत गेल्यानंतरच्या सगळ्या भटकंतीतलं दुःख कुणाचं, हे त्याला सांगावं लागेल.