ओल कोणाची?

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली, त्याने दुसऱ्याने बांधलेले घर विकत घेतले नसावे. नाहीतर म्हणीत तिसरे कलम आले असते : दुरुस्त्या पाहाव्या मागून.

माझा भाचा रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला. पुण्याहून जाऊन-येऊन कंटाळला आणि शेजारच्या कारेगावात एक जुने घर पाहून, इसार देऊन मोकळा झाला. मग इंजिनिअर आणून पाहणी केली. इंजिनिअर डॉक्टरांसारखेच, फी घेतल्यावर ‘काही झालेलं नाही’ म्हणणे त्यांच्या जिवावर येते. यादी निघाली २७ कलमांची. पहिले : छताच्या एकाच कोपऱ्यात ताजा रंग, गळती संभवते. शेवटचे : बेल वाजते, पण घोगरी.

“मामा, हे सगळं घरमालकांनीच करून द्यायचं ना?”

प्रश्न वरवर गवंड्याचा, आतून नीतिशास्त्राचा. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेतला असता तर २०१६ चा रेरा कायदा होता. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. इथे बिल्डर नव्हता. होते एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांनी प्रेमाने वाढवलेला कढीपत्ता. अशा व्यवहाराला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचे कलम ५५ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर, जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसला नसता, तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही लबाडी.

मी म्हटले, “बाबा रे, बेल तू स्वतः दाबलीस, फुटकी फरशी तुझ्याच पायाखाली होती. ते बघूनच भाव ठरवलास ना? मग आता कसली तक्रार? गच्चीचं मात्र विचार.”

कारण शिरूर तालुक्यात पाऊस बेताचा. गळकी गच्ची वर्षातले कित्येक महिने चारित्र्यसंपन्न म्हणून वावरू शकते, आणि भाच्याने घर पाहिले होते चैत्रात.

“काका, गच्ची गळते का हो?” भाच्याने विचारले. काका कढीपत्त्याकडे पाहू लागले. आतून काकूंनीच उत्तर दिले, “गळते की! बादली ठेवावी लागते.”

काकांचा चेहरा उतरला, पण मला वाटते, ओझेही उतरले. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा झाला. तेच बरे. निघून जाणाऱ्याने करून दिलेली दुरुस्ती बहुधा तो निघून जाईपर्यंतच टिकते.

त्याच कलमात घेणाऱ्यालाही बजावले आहे : विकणाऱ्याचा मिळकतीतला हक्क त्याला वाटतो त्याहून मोठा आहे आणि त्याने किंमत बरीच वाढते, हे तुला ठाऊक असेल तर तूही सांग. म्हणजे कायद्याला दोन्हीकडून हवे ते एवढेच : समोरच्याला न दिसणारे तुला दिसत असेल, तर तोंड उघड.

बाकीच्या २६ कलमांना दुरुस्ती म्हणत नाहीत, संसार म्हणतात.