‘आम्ही’ आणि ‘आपण’

श्रीमद्भगवद्गीतेचे मराठी भाषांतर करू पाहणाऱ्यास पहिल्याच अध्यायात एक लहानसा शब्द अडवितो. तो शब्द ‘वयम्’ होय. राज्यलोभाने स्वजनवधाच्या महापापास प्रवृत्त झालो, असा खेद अर्जुन करतो (१.४५), तेथे कर्ता ‘वयम्’ आहे. त्याचे मराठीत ‘आम्ही’ करावे, तर रथावर बसलेले भगवान त्या पापापासून वेगळे राहतात. ‘आपण’ करावे, तर सारथीही त्यात भागीदार होतात. संस्कृत येथे मौन धारण करते. मराठीस मात्र काय ते सांगावेच लागते.

मनुष्याची वाणी मुळात कशी जन्मली, हा विषय इतका अनुमानाधीन की, पॅरिसच्या भाषाशास्त्र-मंडळाने १८६६ साली त्यावरील निबंधच स्वीकारावयाचे नाहीत असा नियम केला होता. परंतु जन्मलेली भाषा वाढते कशी, हे या एका शब्दात पाहता येते. ऐकणाऱ्यास धरून एक आणि त्यास वगळून दुसरा, असे दोन शब्द संस्कृतात नाहीत. ते तमिळात आहेत, ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’. तेलुगूत आहेत, ‘मनमु’ आणि ‘मेमु’. द्राविड भाषा बोलणाऱ्यांच्या दीर्घ सहवासाने हा भेद मराठीत आला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. रीत शेजाऱ्याकडून आली, पण तिच्यासाठी लागणारा शब्द मराठीने आपल्याच घरातून काढला. ‘आत्मन्’ या शब्दाचे प्राकृतात ‘अप्पा’, ‘अप्पण’ झाले आणि त्यातूनच ‘आपण’ आला. ‘आपण स्वस्थ राहावे’ यात तो स्वतःचा वाचक आहे. ‘आपण केव्हा आलात?’ यात समोरच्या आदरणीयाचा. ‘आपण मिळून जाऊ’ यात दोघांचा. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे आत्मज्ञान नव्हे, हे खरे. तथापि जो शब्द आपण दिवसातून शंभर वेळा उच्चारतो, त्याच्या पोटात काय आहे हे एकदा तरी पाहावे.

हा प्रश्न केवळ पोथीतला नाही. मराठी माणूस परप्रांती नांदू लागला की तो व्यवहारात उभा राहतो. बेंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि त्यांचा आश्रित जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त संस्कृताच्या जोडीस अनेक देशभाषांतील रचना आढळतात. त्याच नगरात पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखली जाणारी वस्ती आज शिवाजीनगर म्हणविते. तेथील रसेल मार्केटच्या परिसरात तमिळ, कानडी, दखनी उर्दू, तेलुगू या भाषा एकत्र कानी पडतात. यांपैकी आजच्या कानडी बोलण्यात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंसाठी ‘नावु’ हा एकच शब्द चालतो. मग कानडी माणसास आपलेपणाची जाणीव नाही असे म्हणावयाचे काय? मुळीच नाही.

शब्दाच्या आधारावाचून कोणतेही ज्ञान होत नाही, असे भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त प्रतिपादिले आहे. तो सिद्धांत थोर आहे. परंतु जो शब्द भाषेत नाही त्याचा विचारही संभवत नाही, असा अर्थ त्यातून काढू नये. रोमान याकोबसन या भाषापंडिताने १९५९ साली मार्मिकपणे दाखविले की, भाषाभाषांतील भेद त्या काय सांगू शकतात यात नसून काय सांगणे त्यांस भाग पडते यात आहे. याचे प्रमाण गीतेतच आहे. दुसऱ्या अध्यायाच्या बाराव्या श्लोकात भगवंतांजवळ तोच एक ‘वयम्’ होता. म्हणून त्यांनी प्रथम स्वतःचा, मग अर्जुनाचा, मग समोरच्या सर्व राजांचा निर्देश केला आणि त्यानंतर ‘वयम्’ म्हटले. येथे भाषांतरकारास क्षणभरही शंका राहत नाही. ‘आपण सर्व’ असेच लिहावे लागते. अर्जुनाच्या ‘वयम्’समोर ‘हे लोभी’ म्हणून कौरव उभे होते. भगवंतांच्या ‘वयम्’मध्ये तेही सामावले. शब्द तोच, पण बोलणाऱ्याची दृष्टी पालटली आणि अर्थ पालटला.

उलट दोन्ही शब्द हाती असूनही आपण कोणता निवडतो? नव्या सुनेस ‘आमच्या घरी असे चालत नाही’ म्हटले की ती उंबरठ्याबाहेर राहते. ‘आपल्या घरी अशी रीत आहे’ म्हटले की तीच शिकवण तिला आत घेते. मात्र ‘हे आपण करू’ म्हणून सारा भार दुसऱ्यावर टाकणे, किंवा स्वतःचा दोष ‘आपले चुकले’ म्हणून सर्वांत वाटणे, हा त्या पवित्र शब्दाचा दुरुपयोग होय. दोष सांगताना ‘मी’ म्हणावे. सुख, अन्न आणि घर सांगताना ‘आपण’ म्हणावे.

सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. त्यासाठी अरण्यात जावे लागत नाही. रात्री निजण्यापूर्वी गृहस्थाने एवढेच आठवावे की, आज ‘आम्ही’ म्हणून कोणास बाहेर ठेवले आणि ‘आपण’ म्हणून कोणास खरोखर आत घेतले. शेजारी कानडी असो वा तमिळ, त्याच्या भाषेतील त्याच अर्थाचा शब्द शिकून घ्यावा. जिभेने आरंभिलेले हे तप भगवत्कृपेने हळूहळू अंतःकरणापर्यंत पोहोचते.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥