थोट्याचा गोल

मनुष्यास त्याच्या व्यंगाच्या नावाने हाक मारणे हा अपमान की केवळ ओळख? आम्हां भिवापूरकरांना हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला बसलेल्यांत 'लंगडा' कोण आणि 'बहिरी' कोण हे सर्वांस ठाऊक असते. त्यांची खरी नावे मतदारयादीत, नाहीतर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत. शासनाने आता 'दिव्यांग' हा गौरवाचा शब्द दिला आहे. तो उच्चारताना आपला स्वर मृदू होतो खरा. मात्र ज्याच्यासाठी तो उच्चारला, त्याला काम देण्याचे बहुधा राहून जाते.

उरुग्वे देशात एक्तोर कास्त्रो नावाचा फुटबॉलपटू होऊन गेला. लोक त्याला 'एल मांको' म्हणत, म्हणजे थोटा. १९०४ साली मोंतेविदेओ शहरात जन्मलेल्या या मुलाचा उजवा हात वयाच्या तेराव्या वर्षी विजेच्या करवतीत सापडून कोपराखाली तुटला. फुटबॉल हा पायांचा खेळ, त्यात हाताचे काय अडले, असे कोणी म्हणेल. पण वेगात वळताना, उंच उडी घेताना आणि अंगावर आलेल्या गड्याला थोपवताना शरीराचा तोल हातच सांभाळतात. कास्त्रोने हा तोल नव्याने कमावला. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात तो होता. १८ जुलै १९३० रोजी पहिल्या विश्वचषकात सेंतेनारियो या नव्या मैदानाचे उद्घाटन झाले, तेव्हा पेरूविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच होता.

पुढील दोन सामन्यांत त्याला वगळण्यात आले! आम्हांला या हकिकतीत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. ज्याला वगळता येते त्याला दयेने ठेवलेले नसते. ३० जुलैच्या अंतिम सामन्यात तो परतला आणि अर्जेंटिनाविरुद्ध अखेरच्या मिनिटांत चौथा गोल करून त्याने ४-२ असा विजय पक्का केला. तुटक्या हाताचा सोटा तो प्रतिस्पर्ध्यांना खुशाल हाणीत असे, असेही सांगतात. हे ऐकून आपण थोडे अवघडतो, कारण अपंग मनुष्य सोशिक आणि कृतज्ञ असावा, अशी आपली छुपी अट असते.

योहानकृत शुभवर्तमानातील जन्मांध मनुष्य ही अट पाळत नाही. दृष्टी आल्यावर तो धर्मपंडितांना असा टोला हाणतो की ते त्याला हाकलून देतात. त्याआधीचा प्रसंग अधिक बोचरा आहे. हाच का तो भिकारी, यावर त्याच्या शेजाऱ्यांचे एकमत होत नाही. वर्षानुवर्षे त्यांनी त्याचे आंधळेपण पाहिले होते. चेहरा पाहिलाच नव्हता.

आपण महाराष्ट्रीय तरी याहून निराळे वागलो काय? सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे लष्करातील जवान, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे त्यांनी पन्नास मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली २०१८ साली. अर्जुन पुरस्काराला २०२५ चा जानेवारी उजाडला. त्यांच्या अंगात किती गोळ्या शिरल्या हे रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतात, सेकंद विचारणारे थोडे. आपल्याला त्यांच्या दुःखाचे कौतुक आहे. पोहण्याचे तेवढे नाही.

येथे एक अडचण उरते. कास्त्रो सर्वांच्या बरोबरीने, एकाच नियमाने खेळला. पेटकरांची शर्यत समान अपंगत्व असलेल्यांच्या गटातील होती. एकच माप सर्वांना लावणे हा न्याय, की प्रत्येकाला साजेल असे माप शोधणे हा? आमच्या मते दोन्ही. पण कोठे कोणते, हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते आणि ते ठरवताना ज्याचे त्याला विचारावे लागते. सातऱ्यावर मजुरी किलोवर असते. काटा 'लंगड्या'ला आणि धडधाकटाला सारखाच. बोटे आखडलेल्या बाईलाही तोच काटा, आणि तिला कोणी विचारलेले नाही.

कास्त्रो पुढे नासिओनाल संघाचा प्रशिक्षक झाला. १९४० ते १९४३ अशी सलग चार वर्षे त्याच्या हाताखाली त्या संघाने देशाचे अजिंक्यपद मिळवले. १९६० साली तो वारला तेव्हाही लोक त्याला 'थोटा'च म्हणत होते.