कीर्तनकार घडवणाऱ्यांची पडताळणी

जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि कीर्तन-प्रवचनाला रीतसर शिक्षणाची शिस्त लागली. पुढे आळंदीत खासगी वसतिगृहे वाढली. त्यांतल्या काहींत मुलांवरील अत्याचाराचे गुन्हेही नोंदले गेले. दोष परंपरेचा नाही, देखरेखीच्या अभावाचा आहे. पोक्सो नियम, २०२० नुसार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करणे बंधनकारक आहे. आळंदीतला मठ असो, चर्चचे वसतिगृह, मदरसा वा एखादा संस्कारवर्ग, सुटका कुणाचीच नसावी.

यावर आक्षेप येतो: वाल्याचा वाल्मीकी होतो, मग जुने गुन्हे का उकरायचे? पश्चात्तापाचे दार उघडे असावेच. पण माणसाला क्षमा करणे वेगळे आणि मुले त्याच्या ताब्यात देणे वेगळे. खरा पश्चात्ताप झालेला माणूस ही अट स्वतःहून मानील. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, त्याचा दाखला स्वच्छच येणार. म्हणूनच दाखल्यावर थांबू नये. मुलांना घरी मोकळेपणी बोलता यावे, १०९८ हा बाल-मदतवाहिनीचा क्रमांक भिंतीवर असावा, तक्रार ऐकणारी व्यक्ती संस्थेबाहेरची असावी. गुरूवरची श्रद्धा स्वखुशीची असते. ज्या मुलाला नकाराची मुभा नाही, त्याच्याकडून ती मागण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही.