साक्ष की पडदा?

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत वय मोजायची एक खूण असे : अमका पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा, तमका नंतरचा. त्यापुढे काही विचारले की म्हातारी माणसे गप्प होत.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या; १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रणगाडे घेऊन झालेल्या या युद्धाला नाव मात्र पोलिसांचे मिळाले. नंतर खेड्यापाड्यांत जे घडले ते पाहायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज. उस्मानाबाद (आताचे धाराशिव), नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. प्रेतांनी भरलेल्या विहिरी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. सरकारने तो अहवाल छापला नाही. कित्येक दशकांनी तो दिल्लीच्या एका ग्रंथालयात वाचायला मिळू लागला.

सरकार का लपवते हे कळते. घरच्यांनी का लपवले? आयाबहिणींची अब्रू होती, समोरच्याच गल्लीत रोज भेटणारी माणसे होती, पोरांच्या मनात जहर नको होते. शिवाय ऐबपोशी आपल्या दीनची शिकवण. पण साक्ष दडवणे हाही त्याच दीनमध्ये गुनाह आहे. मला वाटते, पडदा माणसाच्या खासगी दुःखावर असावा, हजारोंच्या कत्तलीवर नव्हे. कोणा आजीचे नाव न घेताही विहीर दाखवता येते.

न सांगितल्याने नातवंडांना कारण मिळाले नाही, भीती तेवढी मिळाली. ‘कचेरीत जास्त बोलू नको, बेटा’ ही ताकीद ऐकत वाढलेला मुलगा शेवटी खोट आपल्यातच शोधतो. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनानंतर असाच एक विद्यार्थी विचारतो, “सर, अपने दादा किधर थे तब?”

उत्तर अर्धे देऊन चालत नाही. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, जाळली, हेही सांगावे लागते. त्यांच्या विरोधात लिहिणारे उर्दू ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. आपल्या उर्दू शाळांतल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना घरात लपवणारे हिंदूही होतेच. अहवालात त्यांची नोंद आहे. आपल्या गप्प बसण्यात त्यांचे उपकारही गाडले गेले. ती घरे कोणती होती, हे सांगू शकणारी माणसे आता फारच थोडी उरली आहेत.