साफ रंग

रायपुरात फोटो छापून घ्यायला गेलं, की काउंटरपलीकडचा मुलगा एक प्रश्न हमखास विचारतो, "दीदी, थोड़ा साफ कर दूँ?" साफ म्हणजे धूळ किंवा डाग काढलेलं नव्हे. साफ म्हणजे गोरं. इथली मराठी घरं कुणी भोसल्यांच्या राजवटीत आलेली, कुणी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती त्या काळात नोकरीनिमित्त आलेली. बाकी कितीतरी शब्द आम्ही जपून ठेवले, पण हे 'साफ' मात्र बिनबोभाट घेतलं. त्या शब्दात एक आरोप दडलेला आहे, की मूळचा रंग मळलेला होता. मराठीही या बाबतीत सोवळी नाही म्हणा. उजळ, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी उतरंड आपल्याकडे केव्हापासून रचलेली आहे, आणि स्थळाच्या बायोडेटात 'सावळी' हा शब्द लिहायलासुद्धा धीर लागतो. विठ्ठलाला तेवढा तो शोभतो.

हे सगळं लग्नाच्या अल्बमपुरतं असतं, तर मी लिहायला बसले नसते. पण हाच प्रश्न गेलेल्या माणसाच्या फोटोबद्दलही विचारला जातो, आणि तिथे तो मला अवघड वाटतो. आई गेली तेव्हा तेराव्यासाठी भिंतीवर लावायचा फोटो हवा होता. तात्यापाऱ्यातल्या एका मुंजीत कुणीतरी मोबाइलवर टिपलेला तिचा चेहरा सगळ्यांना पसंत पडला. दादाने तो एका लॅबमध्ये दिला. परत आला तो निळ्या पार्श्वभूमीवरचा, गुळगुळीत कपाळाचा, चांगला दोन छटा उजळ चेहरा. आलेल्या सगळ्यांनी हात जोडले आणि 'फोटो छान आलाय' म्हणाले. मी त्याच फाइलवरून घरी दुसरी प्रत छापली. भिंत एक होती.

लॅबमधल्या मुलाला दोष देणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. त्याने काळसर चेहऱ्याचे प्रिंट किती वेळा परत घेतले असतील! गिऱ्हाईक नाराज झालं की कागदाचा खर्च दुकानाच्या माथी. तो जे करतो ते त्याच्या लेखी सौजन्य आहे, रांगेत उभ्या असलेल्या दुखवट्यातल्या माणसावर केलेला एक छोटा उपकार. शिवाय ही सवय त्याने शोधून काढलेली नाही. स्टुडिओच्या काळात कारागीर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या आणि खड्डे भरत असत, आणि ती कला मानली जाई. रंगीत छपाई आल्यावर लॅबच्या यंत्रांचं माप जुळवायला कोडॅक एक नमुना-फोटो पुरवत असे. त्यात गोरी तरुणी असे. सुरुवातीच्या एका मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून मुली बदलल्या तरी त्या नमुन्याला 'शर्ली कार्ड' हेच नाव राहिलं. शर्लीची त्वचा नीट उमटली, की यंत्र जुळलं. म्हणजे छत्तीसगढच्या उन्हात रापलेला चेहरा लॅबमध्ये पोचण्याच्या कितीतरी आधी 'बरोबर रंग' कोणता हे ठरून गेलेलं होतं.

काढणारा आणि छापणारा यांच्यातलं हे अंतर मुद्दाम तयार केलेलं आहे. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा विकायला काढला, तेव्हा त्यात शंभर फोटोंचा रोल भरूनच मिळे. रोल संपला की आख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा; छापलेले फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा घरपोच परत. किती सोयीचं! फक्त एवढंच झालं, की अंधाऱ्या खोलीत काय घडतं ते पाहण्याची गरजच घरातल्या माणसाला उरली नाही.

याच्या अगदी उलट टोकाला मला फाळक्यांचं घर दिसतं. गोध्र्यात स्टुडिओ चालवलेला, छपाईच्या धंद्यात मुरलेला हा माणूस १९१२ साली लंडनहून कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि प्रिंटिंगचं यंत्र घेऊन आला. 'राजा हरिश्चंद्र'ची फिल्म दादरच्या घरातच धुतली गेली. सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत, आणि दिवसा मंडळींचा स्वयंपाक करत. घरी छापण्याविषयी हळवेपणाने बोलणाऱ्यांनी हा स्वयंपाक विसरू नये. घरचं काम म्हटलं की ते बहुधा कुणाच्या तरी झोपेतून वजा होतं.

घरचा प्रिंटर मात्र सत्यवचनी हरिश्चंद्र आहे असं कुणी समजू नये. रायपूरच्या मे महिन्यात त्याची नळी वाळते आणि चेहऱ्यावर आडव्या रेघा उमटतात, ही तर किरकोळ तक्रार. त्याच्या सेटिंगमध्येही 'फोटो सुधारा' अशी खूण आधीपासून केलेली असते. ती काढली तरी स्क्रीनचा उजेड वेगळा, कागद चकचकीत की मॅट त्यावर गडदपणा वेगळा. तोच प्रिंट ट्यूबलाइटखाली एक दिसतो आणि खिडकीशी नेला की दुसरा. मूळ मोबाइलने फोटो टिपतानाच चेहरा ओळखून तो थोडा उजळवलेला असणार, ते निराळंच. मी सात प्रिंट काढले. सात आया निघाल्या. मी त्यांची तुलना कशाशी करत होते? फाइलशी नाही. मला आठवणाऱ्या तिच्या हाताशी, बुढापाऱ्याच्या घरी संध्याकाळी तांदूळ निवडतानाच्या. आणि आठवणीलाही स्वतःचा रंग असतोच.

तेव्हा 'खरा फोटो घरचा, खोटा लॅबचा' हा निवाडा टिकत नाही. तो टिकू नये अशी तजवीज वहिनींनी आणखी एका बाजूने केली. त्या म्हणाल्या, "ताई, आई फोटोआधी पावडर लावायच्या. प्रत्येक वेळी. त्यांना कसं दिसायला हवं होतं ते त्यांनी जन्मभर दाखवलं. आता तुम्ही त्यांना काळं छापून कुणाला धडा शिकवताय?"

याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी इतकंच म्हणू शकले, की पावडर ती स्वतःच्या हाताने लावायची आणि रात्री पुसायची. ज्या मुलीला लहानपणापासून रंगावरून ऐकवलं गेलं, तिची उजळ दिसण्याची इच्छा तिची म्हणायची, की ऐकवणाऱ्यांची? असं विचारलं की मला जिंकल्यासारखं वाटतं. पण लगेच पुढचा प्रश्न येतो: तिच्या कोणत्या इच्छा खऱ्या तिच्या आणि कोणत्या लादलेल्या, ही निवड करणारी मी कोण? जिवंत असताना तिने मला तो अधिकार दिला नसता. क्रीमच्या ट्यूबवरचं 'फेअर' २०२० साली कंपनीने बदललं. एका बाईच्या मनातलं 'फेअर' तिच्या पश्चात मुलीने बदलावं का?

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. वहिनी माझ्याशी भांडल्या. लॅबच्या फोटोवरून कुणीच कुणाशी भांडलं नव्हतं. भांडणार कुणाशी? दादा म्हणणार, मी फक्त फोटो दिला. मुलगा म्हणणार, लोकांना असंच हवं असतं. यंत्र म्हणणार, मला असंच जुळवलंय. आईचा चेहरा बदलला होता आणि तो कुणीच बदललेला नव्हता. घरी बटण मी दाबलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून जाब विचारता आला. घरी छापण्याच्या बाजूने मला एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येईल. खर्च पाहिला तर लॅब स्वस्त पडते, आणि टिकण्याचं म्हणाल तर ते शाईवर आहे: घरची साधी डाय शाई उजेडात लवकर उडते, पिगमेंट शाई बराच काळ राहते.

जुन्या स्टुडिओच्या फोटोंमागे दुकानाचा शिक्का असे. चेहऱ्याची जबाबदारी घेणारं एक नाव. लॅबच्या लहान प्रिंटमागेही फिकट राखाडी अक्षरं छापलेली आढळतात: क्रमांक, आणि रंगात किती दुरुस्ती केली त्याची खूण. म्हणजे नोंद यंत्रही ठेवतं, फक्त ती वाचता येईल अशा भाषेत नसते.

भिंतीवर लॅबचाच फोटो राहिला. घर दादाचं आहे. माझी प्रत मी माझ्या खोलीत लावली, आणि लावण्याआधी मागे पेन्सिलीने लिहिलं: कागद कोणता, शाई कोणती, तारीख, डोळ्यांखालची सावली किंचित उजळली आहे, बाकी रंग माझ्या आठवणीप्रमाणे, खाली माझी सही. वहिनींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, पेन्सिल मागून घेतली आणि माझ्या सहीखाली लिहिलं, 'आईंना हा आवडला नसता.' त्यांनीही सही केली.